संगणकातील हेर : दुकानदार व कारागिरांनी घ्यावयाची खबरदारी

परळीहून बीडच्या रस्त्याला लागले की सिरसाळा येते. तिथल्या बाजारपेठेत आज बऱ्याच दुकानांत खतावणीशेजारी संगणक दिसतो. हार्डवेअरवाला त्यावर जीएसटीचे बिल काढतो, वेल्डिंगवाला गिऱ्हाइकाला ग्रीलचे नमुने दाखवतो, लग्नपत्रिका छापणारा मजकूर जुळवतो आणि ऑनलाइन कामे करून देणारा दिवसभर लोकांच्या आधारकार्डांच्या प्रती काढत बसतो. पुष्कळ ठिकाणी दुकान पुढे आणि घर मागे अशी रचना असते. म्हणून दुकानाचा आणि घराचा संगणक एकच असतो. दिवसा त्यावर बँकेचा व्यवहार होतो आणि रात्री मुले त्याच्यावर गेम खेळतात, गाणी उतरवून घेतात, शाळेचा प्रकल्प करतात. या लेखाचा विषय असलेला धोका नेमका या एकत्र वापरातून घरात शिरतो.

दुकानात चोर आला तर कुलूप तुटते, गल्ला रिकामा दिसतो आणि शेजारी गोळा होतात. संगणकात हेर आला तर काहीच तुटत नाही. सकाळी संगणक नेहमीसारखा सुरू होतो, बिले निघतात, सगळे जागच्या जागी असते. या प्रकारच्या प्रोग्रामला स्पायवेअर म्हणतात. व्हायरस मोडतोड करतो म्हणून तो लवकर लक्षात येतो. स्पायवेअरला मोडतोड करायची नसते. आपल्या पाठीमागे उभे राहून खतावणी वाचणे आणि वाचलेले बाहेर कळवणे एवढेच त्याचे काम. त्याला जितके दिवस शांतपणे राहता येईल तितका त्याच्या मालकाचा फायदा.

हे काम तो कसे करतो ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्यावरच बचावाचे सगळे उपाय अवलंबून आहेत. सर्वांत जुना प्रकार कीलॉगर. आपण कीबोर्डवर जी अक्षरे दाबतो ती तो टिपून ठेवतो. बँकेच्या पडद्यावर माऊसने दाबायचा कीबोर्ड येतो, तो याच्यावरचा उपाय म्हणून आला. पण काही हेर दर थोड्या वेळाने पडद्याचा फोटो काढतात. त्यांच्यापुढे त्या कीबोर्डाचा फारसा उपयोग होत नाही. दुसरा प्रकार दूरनियंत्रणाचा. त्यात बाहेरचा माणूस आपल्या संगणकावर आपण बसल्यासारखाच बसतो. फाईल उघडतो, नवी फाईल ठेवतो, कॅमेरा सुरू करतो.

तिसरा प्रकार सध्या सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. ब्राउझर आपल्याला विचारतो, पासवर्ड जतन करू का? आपण हो म्हणतो. अशा रीतीने जीएसटी, ई-मेल, बँक, घाऊक व्यापाऱ्याचे संकेतस्थळ अशा सगळ्या चाव्या एका जुडग्यात जमा होतात. हा हेर आत आला की काही मिनिटांत ते जुडगे उचलून बाहेर पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसूनही टाकतो. नंतर कितीही तपासणी केली तरी काही सापडत नाही. शिवाय तो कुकी नेतो. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन ई-मेलमध्ये शिरलो की ते संकेतस्थळ आपल्या ब्राउझरकडे एक खूणचिठ्ठी ठेवते. उद्या परत आलो की चिठ्ठी बघून आत सोडते, पुन्हा ओटीपी मागत नाही. ती चिठ्ठी चोराच्या हाती गेली की त्यालाही ओटीपी लागत नाही. ‘ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो, मग मला कसली भीती?’ असे म्हणणाऱ्या व्यापारी बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. बँका सहसा थोड्या वेळाने चिठ्ठी रद्द करतात, ई-मेल मात्र महिनोन्‌महिने करीत नाही. आणि ई-मेल हाती आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात.

या जातीचा लुमा नावाचा एक हेर होता. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टने शोधले आणि मे २०२५ मध्ये अनेक देशांच्या यंत्रणांनी मिळून त्याचे जाळे तोडले. लुमा बनवणारे तो इतर गुन्हेगारांना भाड्याने देत असत. म्हणजे आज हेरगिरी करायला संगणकातले विशेष ज्ञान लागत नाही, भाडे भरायची ऐपत लागते.

‘आम्ही सिरसाळ्याचे छोटे दुकानदार, आमच्या संगणकात कोणाला काय मिळणार?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. तळ्यात जाळे टाकणारा कोणता मासा येईल हे आधी ठरवत नाही. मोठ्यांसाठी वेगळी तयारी होते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम घुसवून ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यातील बरीचशी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत उचलली गेली. १९०६ साली स्थापन झालेल्या, स्वतःची तांत्रिक माणसे ठेवणाऱ्या बँकेची ही गोष्ट. छोट्या दुकानदाराकडे एकेकट्याने पाहिले तर थोडेच मिळते, पण असे लाखो संगणक एकाच जाळ्यात येतात.

शिवाय आपल्या संगणकात केवळ आपला पैसा नसतो. ऑनलाइन कामे करणाऱ्याकडे शेकडो लोकांची आधारकार्डे, सात-बारा, पासबुकाचे पहिले पान, अंगठ्याचे काम असेल तर तेही. फोटो स्टुडिओवाल्याकडे घराघरांतल्या लग्नांचे, लेकीसुनांचे फोटो. ही दुसऱ्याची अमानत आहे. स्वतःचे दोन हजार गेले तर माणूस सोसतो. गिऱ्हाइकाच्या कागदपत्रांवर कोणी परस्पर कर्ज काढले तर गावात तोंड दाखवणे कठीण होते.

फुकटात मिळालेली कॉपी

हेर आत येतो कसा? बहुतेक वेळा तो कुलूप तोडत नाही, आपणच दार उघडतो. आणि आपल्या बाजारपेठांत हे दार सर्वांत जास्त उघडले जाते ते चोरट्या सॉफ्टवेअरमुळे.

नवा संगणक घेतला की बसवून देणारा पोरगा पेनड्राइव्ह लावतो आणि विंडोज, ऑफिस, कोरल ड्रॉ, फोटोशॉप, मराठी फॉन्ट, हिशोबाचे सॉफ्टवेअर असे सगळे पाचशे रुपयांत टाकून देतो. मालक खूश. या चोरट्या प्रतींबरोबर क्रॅक नावाची एक छोटी फाईल येते. मूळ कंपनीने घातलेले कुलूप उघडणे हे तिचे काम. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ बहुधा अशी असते की, आधी अँटीव्हायरस बंद करा. वाचकांनी क्षणभर थांबून या ओळीचा विचार करावा. कोणी अनोळखी माणूस रात्री दुकानाशी आला आणि म्हणाला, तुमच्या फायद्याचे काम करून देतो, फक्त राखणदाराला घरी पाठवा, तर आपण पाठवू काय? संगणकाच्या बाबतीत आपण पाठवतो. आत आलेली फाईल कुलूपही उघडते, त्यामुळे काम झाल्यासारखे वाटते. तिने आणखी काय केले ते दिसत नाही.

आमच्या ओळखीच्या एका छपाईवाल्या भाईंचा संगणक असाच झाला होता. काही शोधायला गेले की भलतेच पान उघडे. त्यांनी दोन अँटीव्हायरस टाकले, ते एकमेकांशी भांडू लागले आणि संगणक आणखी मंद झाला. शेवटी विचारले, “भाई, अँटीव्हायरस कधी बंद केला होता का?” तेव्हा म्हणाले, “डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकताना पोरानं केला होता, परत चालू करायचा राहून गेला.” मधे आठ महिने गेले होते. या आठ महिन्यांत किती पत्रिकांवरची नावे-पत्ते आणि किती घरांचे मोबाइल नंबर त्या संगणकातून गेले असतील, याचा हिशोब कोणी देऊ शकणार नाही.

कायद्याचाही भाग आहे. चोरटी प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे गुन्हा असून त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. अस्सल प्रतींचा खर्च सर्वांना परवडत नाही हे खरे. पण त्यासाठी चोरीच करावी लागते असे नाही. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिब्रे ऑफिस, चित्रासाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप ही सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट आहेत. मराठीसाठी युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. कोरलच्या जुन्या फाईली त्यांत जशाच्या तशा उघडतीलच असे नाही. छपाईवाल्यांना ही अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी निदान एवढे करावे की डिझाइनचे काम ज्या संगणकावर चालते त्यावर बँक उघडू नये.

बाकीच्या वाटा

ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर बिल, कोटेशन, कुरिअरची पावती अशा नावाने फाईल येते. विंडोज नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाईल आपल्याला नुसती ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसते. प्रत्यक्षात ती बिल नसून प्रोग्राम असतो. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू या यादीत ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ असा पर्याय आहे, त्यावर खूण करावी. मग पूर्ण नाव दिसू लागते. ओळखीच्या माणसाकडून फाईल आली म्हणूनही ती निर्धोक ठरत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ साली रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. बचाव पक्षासाठी तो तपासणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये असा निष्कर्ष दिला की, जून २०१६ मध्ये ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यातून आलेली फाईल उघडल्यामुळे त्यात नेटवायर नावाचा दूरनियंत्रण प्रोग्राम बसला आणि पुढे त्याच्या मार्गाने त्यात फाईली ठेवल्या गेल्या. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही आणि त्याचा निवाडा न्यायालयाचे काम आहे. आपल्या कामाची बाब एवढीच की नेटवायर हा प्रोग्राम संकेतस्थळावर उघडपणे विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये अमेरिकन तपास यंत्रणेने ते संकेतस्थळ ताब्यात घेतले आणि क्रोएशियात त्याच्या संशयित चालकाला अटक झाली.

अलीकडे एक नवी युक्ती निघाली आहे. एखादे पान उघडले की ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो आणि पुढे सांगितले जाते की विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. खऱ्या तपासणीत असे काही कधीही करावे लागत नाही. या तीन कृतींनी आपण स्वतःच्या हाताने हेर उतरवून घेतो. घरातल्या मुलांना ही एक गोष्ट तरी आजच सांगून ठेवावी.

बँकेतून बोलतो असे सांगून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे ॲप टाकायला लावणारे फोन जुने झाले, पण बंद झालेले नाहीत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबाबत इशारा दिला होता. ते ॲप स्वतः वाईट नाही. हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाले दुरुस्तीसाठी तेच वापरतात. काम झाले की ते काढून टाकावे आणि आपण स्वतः फोन केला असेल तेव्हाच कोणाला आत घ्यावे. पीडीएफ जोडण्याची, व्हिडिओ उतरवण्याची फुकट एक्स्टेन्शने ब्राउझरमध्ये बसतात, त्यांनाही आपण उघडलेले प्रत्येक पान वाचता येऊ शकते. जी लागत नाहीत ती काढावीत. पेनड्राइव्हविषयी आता सर्वांना माहीत आहे, फार लिहीत नाही.

बचाव कसा करावा

सर्वांत आधी एका संगणकाचे दोन भाग करावेत. याला एक पैसा लागत नाही आणि माझ्या मते महागड्या अँटीव्हायरसपेक्षा याचा उपयोग जास्त आहे. विंडोजमध्ये वापरणाऱ्यांची खाती दोन प्रकारची असतात, ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. घरोघरी सगळे जण ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातच काम करतात, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हाती तिजोरीची चावी. त्याऐवजी ॲडमिनिस्ट्रेटर खाते वेगळे करून त्याचा पासवर्ड घरातल्या एका जबाबदार माणसाकडे द्यावा. दुकानासाठी एक आणि मुलांसाठी एक अशी दोन स्टँडर्ड खाती काढावीत. मुलांच्या खात्यात एखादा प्रोग्राम स्वतःला संपूर्ण संगणकात बसवू लागला तर तो पासवर्ड मागेल आणि तिथेच अडेल. दुकानाच्या खात्यातल्या फाईली आणि जतन केलेले पासवर्डही मुलांच्या खात्यातून सहसा उघडता येत नाहीत. हे अभेद्य नाही, पण नुकसानीला भिंत घातल्यासारखे होते. ऐपत असेल त्याने बँकेसाठी साधा का होईना वेगळा संगणक ठेवावा.

दुसरे, विंडोज कोणते आहे ते पाहावे. सिरसाळ्यासारख्या गावात अजून विंडोज ७ वर चालणारी दुकाने आढळतील. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला थांबवली आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुरुस्ती थांबली म्हणजे नवे भोक सापडले तरी ते कोणी बुजवणार नाही. जुना संगणक विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर उबुंटूसारखे फुकट लिनक्स टाकून केवळ बँक व जीएसटीसाठी वापरता येईल. विंडोजसाठी लिहिलेले हिशोबाचे सॉफ्टवेअर मात्र त्यावर सहसा चालत नाही आणि डिजिटल सहीचा टोकन चालेल की नाही ते आधी तपासावे लागते.

अँटीव्हायरस एकच ठेवावा. विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर आधीच असतो आणि चालू ठेवला तर छोट्या दुकानाला पुरतो. आठवड्यातून एकदा पूर्ण स्कॅन, आणि शंका आली तर त्यातलाच ऑफलाइन स्कॅन करावा. ऑफलाइन स्कॅनमध्ये संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेला हेर जागा होण्याआधी सापडू शकतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ ला सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथेही तपासणीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्यातले एक पुण्याच्या क्विक हीलचे आहे. कारागीर वाचकांसाठी जाता जाता सांगतो, ही कंपनी उभी करणारे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. त्यांनी सुरुवात केली ती पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीने, आणि व्हायरस काढणारे सॉफ्टवेअर लिहिले ते धाकटे बंधू संजय यांनी.

खतावणीची दुसरी प्रत ठेवायची ती संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर नको. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या संगणकांची मुख्य नोंदवही शेवटी सुस्थितीत सापडली ती आफ्रिकेतील घाना येथे, कारण त्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. बीड जिल्ह्यातल्या माणसाला वीज जाण्याचा असा फायदा पहिल्यांदाच ऐकायला मिळेल! आपण तेवढेच करायचे. दर जुम्याला किंवा दुकानाच्या सुट्टीला हिशोबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी.

व्यवहारातली एक सवय कोणत्याही सॉफ्टवेअरइतकीच मोलाची आहे. ई-मेल वाचणारा हेर पत्रा, सळई किंवा कापड आपण कोणाकडून घेतो हे जाणतो. मग ऐन पेमेंटच्या दिवशी त्या घाऊक व्यापाऱ्याच्या नावाने निरोप येतो की आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, या नव्या खात्यावर पैसे टाका. बिलाचा नमुना, सही, शिक्का सारे हुबेहूब. खाते क्रमांक बदलल्याचा निरोप आला की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. निरोपात दिलेल्या नंबरावर फोन करू नये, तो त्यांचाच असतो.

आता शंका खरी ठरली तर. प्रथम इंटरनेट तोडावे, वायर काढावी, वायफाय बंद करावे. त्या संगणकावरून पासवर्ड बदलू नयेत, नवेही चोराकडेच जातील. दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून किंवा मोबाइलवरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदलावा आणि तिथेच ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. वर सांगितलेली खूणचिठ्ठी त्यानेच रद्द होते. व्हॉट्सॲपमधील जोडलेली उपकरणे काढावीत. मोबाइलचे संदेश संगणकावर दिसण्याची सोय केली असेल तर तीही तोडावी, कारण तिथून ओटीपी वाचता येतो. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकांत असे ठरवून दिले की, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीची बातमी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. स्वतः पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. आपल्या बँकेचा आजचा नियम शाखेत लेखी मागून घ्यावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात असा प्रोग्राम घालणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भागीदारीच्या भांडणात एकमेकांवर हेर बसवणाऱ्यांनाही तेच कलम लागते.

शेवटी संगणक पुसून विंडोज नव्याने टाकण्याची वेळ आली तर एक चूक हमखास होते. जुन्या डिस्कवरचे सगळे परत भरले जाते आणि त्यात ती क्रॅकची फाईलही परत येते. परत घ्यायच्या त्या फक्त खतावण्या, बिले, पत्रे आणि फोटो. सॉफ्टवेअर पुन्हा उतरवायचे ते मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून, आणि बसवून देणाऱ्या पोराने पेनड्राइव्ह खिशातून काढला तर त्याला चहा पाजून तो परत खिशात ठेवायला सांगायचे.